वासराचा वाण आणि बाजारातील मोल
(भाषणाचा मजकूर)



‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. वाण म्हणजे रंग. रंग वेगळा आणि गुण वेगळा, हे ग्रामीण शहाणपणाने फार पूर्वीच ओळखले होते. जनावरांच्या बाजारात मात्र ही फारकत अद्याप झालेली नाही. खरसुंडीच्या यात्रेत, सांगोल्याच्या आठवडे बाजारात किंवा पंढरपूरच्या कार्तिकी बाजारात खोंडाभोवती गिऱ्हाइके जमतात, तेव्हा त्यांची पहिली नजर जाते ती रंगावर. दात, खूर आणि छाती यांची पाहणी मागाहून होते. एकाच दावणीला, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या दोन खोंडांना वेगवेगळी किंमत येते आणि कमी किंमत मिळालेला शेतकरी नशिबाला बोल लावून कासरा गिऱ्हाइकाच्या हाती देतो. हे नशीब कशाने घडते, याचा विचार पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी करणे अगत्याचे आहे.

किमतीचा पहिला आधार जातीचा. महाराष्ट्रातील देशी गोवंशाची प्रत्येक जात आपापल्या मुलखाच्या गरजेतून घडली आहे. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या माणदेशी पट्ट्यातील खिलार चपळ आणि काटक. ओढकामात व धावण्यात तिचा लौकिक आहे. लातूर जिल्ह्यातील देवणी दूध आणि शेतकाम या दोन्हींसाठी उपयोगी. नांदेडच्या कंधार भागातील लाल कंधारी कमी चाऱ्यावर कामाला टिकते. अकोले, इगतपुरी भागातील डांगी अतिवृष्टीच्या प्रदेशात भातखाचरात राबते. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि पावसापासून अंगाचे रक्षण होते. वर्धा परिसरातील गवळाऊ ही ओढकामाची हलकी, वेगवान जात. अर्थात जातिवंत वासराला मिळणारी अधिक किंमत ही त्याच्या पुढील कामाची किंमत असते. ज्या मुलखात त्या कामाला मागणी नाही, तेथे त्याच वासराचे मोल उतरते.

मग रंगाचे मोल कशासाठी? त्याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही व्यवहारातून आलेली आहेत. पहिले असे, की लेखी वंशावळ नसलेल्या बाजारात रंग हीच जातीची खूण ठरते. लाल कंधारी एकसारखी गडद तांबडी असते. देवणीत पांढऱ्या अंगाची व काळसर तोंडाची ‘वानेरा’, अंगभर काळे ठिपके असलेली ‘शेवरा’ आणि ‘बालंक्या’ असे प्रकार ओळखले जातात. डांगीच्या पांढऱ्या अंगावर तांबडे वा काळे पट्टे असतात. म्हणजे जे ठिपके देवणीत जातीची साक्ष देतात, तेच खिलारीत संकराचा संशय निर्माण करतात. दुसरे कारण जोडीचे. बैल एकटा विकत घेतला, तरी त्याला जोड लागतोच. उंची, शिंगे आणि रंग यांनी जुळलेल्या जोडीला दोन सुट्या बैलांच्या बेरजेपेक्षा अधिक दाम येतो. वेगळ्या रंगाच्या खोंडाला जोड मिळणे कठीण, म्हणून त्याचा भाव पडतो. त्याच्या अंगातील बळ कमी असते म्हणून नव्हे.

परंतु ही खूण फसवी आहे. खिलारीच्या नवजात वासराच्या माथ्यावर तांबूस छटा असते आणि ती दोन-तीन महिन्यांत नाहीशी होते. हे ठाऊक नसलेला पशुपालक वासरू डागी समजून घाईने विकून टाकतो. जाणता खरेदीदार ते स्वस्तात घेतो. वळूच्या मानेवर आणि वशिंडावर वयात येताना गडद झाक चढते, तीही दोष नव्हे. पांढरा रंग ऊन परावर्तित करतो, एवढा त्याचा खरा उपयोग. दूध मात्र रंगावरून ठरत नाही. संकरित कालवडीच्या अंगावर काळे-पांढरे ठसठशीत पट्टे असले, म्हणून ती अधिक दूध देईल असे मानणे चुकीचे होय. तिच्या आईने एका वेतात किती दूध दिले आणि रेतन कोणत्या वळूचे होते, हे पाहावयास हवे.

गेल्या काही वर्षांत या बाजाराचे स्वरूपही बदलले. ट्रॅक्टरमुळे बैलांची गरज घटली. २०१९ च्या पशुगणनेत देशातील मादी गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत १८ टक्क्यांनी वाढली, तर देशी गोवंश एकूण सुमारे ६ टक्क्यांनी घटला. राज्यात २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी असल्याने खोंड घेणारा त्याच्या उतारवयातील सांभाळाचाही हिशेब करतो. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरविला. त्यानंतर वेगवान खिलार खोंडांना पुन्हा मागणी आली. मात्र शर्यतीच्या मोजक्या खोंडांचा भाव हा सर्वसाधारण शेतकऱ्याच्या खोंडाचा भाव नव्हे. खोंडाला किंमत नसेल, तर गाय पाळणे परवडत नाही. आणि गाय गेली की जातही जाते. प्रश्न एका वासराच्या दामापुरता नाही, तो इतकाच गंभीर आहे.

यावर उपाय गावाच्या हातात आहेत. प्रत्येक वासराच्या कानात बारा अंकी बिल्ला असावा आणि त्या क्रमांकापुढे जन्मतारीख, आईचे दूध, वळूची वा रेतनाची नोंद व लसीकरण लिहिलेले असावे. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. लसीकरणाची नोंद हीही मालकाची पुंजी आहे, हे तेव्हा कळून आले. बाजार समित्यांनी जात, वय व दात यांनुसार झालेल्या व्यवहारांचे भाव फलकावर लावावेत. रुमालाखाली बोटांनी ठरणाऱ्या सौद्यात दलालाला बाजाराचा भाव ठाऊक असतो, विकणाऱ्याला नसतो. हे अंतर फलकाने कमी होईल. शाळेतील मुलांनी गावातील वासरांची नोंदवही ठेवली, तर त्यांनाही गणिताचा आणि जीवशास्त्राचा जिवंत धडा मिळेल.

रंगाची आवड बाजारातून एकाएकी नाहीशी होणार नाही, आणि ती व्हावी असेही नाही. देखण्या जोडीचा अभिमान हा शेतकऱ्याचा आनंद आहे. मात्र वासरू दावणीतून सोडताना मालकाच्या हाती कासऱ्याबरोबर नोंदीचा कागदही असावा. मग वाणाबरोबर गुणाचेही मोल त्याच्या पदरात पडेल.