बुद्धिबळाचा पट आणि पैशाची थैली

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



बुद्धिबळ हा गरिबालाही परवडणारा खेळ आहे, असे नेहमी सांगितले जाते. एक पट, बत्तीस मोहरे आणि समोर एक प्रतिस्पर्धी असला की पुरे. खेळ म्हणून हे खरे आहे. व्यवसाय म्हणून मात्र नाही. हा व्यवसाय कोणाच्या पैशावर चालतो आणि तो पैसा कोणत्या तत्त्वाने वाटला जातो, याचा विचार समाजवादी दृष्टीने व्हावयास हवा.

व्यावसायिक खेळाडूला स्पर्धेतून दोन प्रकारांनी पैसा मिळतो. एक पारितोषिक आणि दुसरे हजेरीचे मानधन. पारितोषिक खेळून झाल्यावर, निकालाप्रमाणे मिळते. मानधन पहिले प्यादे हलण्यापूर्वीच, केवळ नावासाठी ठरते. अर्थशास्त्राच्या भाषेत पहिले मजुरीच्या जवळचे आहे, तर दुसरे जमिनीच्या खंडाच्या जवळचे. जमीन दुर्मीळ म्हणून तिचा मालक खंड घेतो. येथे कीर्ती दुर्मीळ म्हणून तिचा धनी तो घेतो.

या खंडाचा उगम लोभात नव्हे, दारिद्र्यात आहे. पहिला जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ १९०० साली न्यूयॉर्कमध्ये निर्धनावस्थेत वारला. त्याचा वारस इमॅन्युएल लास्कर याने यातून धडा घेतला आणि आपल्या खेळाची किंमत तो रोखठोक मागू लागला. १९२१ साली हवाना येथे कापाब्लांकाशी झालेल्या सामन्यात, जिंको वा हरो, ११ हजार डॉलर लास्करला मिळतील असा करारच होता. उपाशी मरण्यापेक्षा मोबदला मागितलेला बरा, ही त्याची भूमिका कोणत्याही श्रमिकाला पटावी अशीच आहे.

परंतु व्यक्तीने मागितलेला न्याय नियमबद्ध झाला, तेव्हा त्याची मक्तेदारी बनली. १९२२ साली प्रमुख खेळाडूंनी मान्य केलेल्या 'लंडन नियमां'प्रमाणे जगज्जेत्याला आव्हान द्यावयाचे तर किमान १० हजार डॉलरची थैली उभी करणे आवश्यक ठरले. तिच्यातील २० टक्के रक्कम आधी जगज्जेत्याचे मानधन म्हणून बाजूला काढावयाची. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के विजेत्याला आणि ४० टक्के पराभूताला द्यावयाचे. आता हिशेब करून पाहा. जगज्जेता हरला, तर २ हजार मानधन आणि ३,२०० पराभवाचा वाटा मिळून त्याला ५,२०० डॉलर मिळावयाचे. त्याला हरवणाऱ्या आव्हानवीराच्या हाती मात्र ४,८०० डॉलर! पटावर हरलेला धनी पैशात जिंकत होता. खंडाचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

याची किंमत दाराबाहेर उभ्या असलेल्यांनी मोजली. अकिबा रुबिनस्टाइनने १९१२ या एका वर्षात पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या. तरी लास्करशी त्याचा सामना १९१४ पर्यंत लांबला आणि अखेर महायुद्धात बुडाला. निमझोविचने १९२६ साली कापाब्लांकाला आव्हान दिले. पण पैसे उभे राहिले नाहीत. अलेखाइनला अर्जेंटिनाचे साहाय्य मिळाले आणि १९२७ साली ब्वेनोस आइरेस येथे तो जगज्जेता झाला. नंतर कापाब्लांकाने परतीचा सामना मागितला, तेव्हा त्याच अलेखाइनने १० हजारांची अट पुढे केली. मंदीच्या काळात तेवढी रक्कम जमणे दुरापास्त होते. तो सामना कधीच झाला नाही. कालचा वंचित आज पहारेकरी झाला. दोष केवळ व्यक्तीच्या स्वभावाचा नव्हता, तो व्यवस्थेचा होता.

१९४६ साली अलेखाइन वारला आणि १९४८ पासून जगज्जेतेपद 'फिडे' या जागतिक संघटनेच्या ताब्यात आले. पात्रता फेऱ्या सुरू झाल्या. थैली नसलेल्यालाही केवळ खेळाच्या बळावर आव्हान देता येऊ लागले. खाजगी मिळकत सार्वजनिक झाली, एवढाच त्याचा अर्थ. पण केवढा मोठा अर्थ!

मोबदल्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९७२ साली रेक्याविकच्या सामन्यापूर्वी बॉबी फिशर पैशासाठी अडून बसला, तेव्हा सवा लाख डॉलरची थैली जिम स्लेटर या ब्रिटिश धनिकाने स्वतःच्या पदरचे तेवढेच पैसे घालून दुप्पट केली. फिशरमुळे सर्वच खेळाडूंचा भाव वाढला, हे मान्य केले पाहिजे. परंतु जगाचे लक्ष लागलेला सामना एका धनिकाच्या मर्जीवर तरला, हेही विसरता येत नाही. १९९३ साली कास्पारोव्ह आणि शॉर्ट हे अधिक पैशासाठी फिडेतून फुटले. १९९५ साली त्यांच्या नव्या संघटनेच्या छत्राखाली कास्पारोव्ह आणि आनंद न्यूयॉर्कमध्ये इंटेल कंपनीच्या पैशावर खेळले. लवकरच कंपनीने हात काढून घेतला आणि ती संघटना कोसळली. जगज्जेतेपद मात्र २००६ पर्यंत दुभंगलेले राहिले. आश्रयदाता निघून जातो, मोडतोड खेळाच्या पदरी राहते.

आजचे चित्र काय आहे? २०२४ साली सिंगापूरच्या सामन्यात २५ लाख डॉलरची थैली होती. प्रत्येक विजयास २ लाख आणि उरलेली रक्कम दोघांत समान, अशी वाटणी होती. गुकेशला १३.५ लाख आणि पराभूत डिंग लिरेनला ११.५ लाख डॉलर मिळाले. येथे खंड नाही, हजेरीचा समान वाटा आहे. हे स्वागतार्ह होय. पण शिखराच्या खाली पाहावे. २०२५ साली गोव्यात झालेल्या विश्वचषकात २०६ खेळाडूंसाठी २० लाख डॉलर होते आणि विजेत्यास १ लाख २० हजार. त्याच वर्षी बाटुमी येथील महिला विश्वचषकात १०७ खेळाडू होत्या. म्हणजे संख्या निम्म्याहून अधिक. रक्कम मात्र ७ लाखांहूनही कमी. तो चषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखला ५० हजार डॉलर मिळाले. तोच पट, तीच घड्याळे, तीच फिडे. मग मोल वेगळे का?

खुल्या स्पर्धांत तर पैसा खालून वर वाहतो. शेकडो मुलांचे पालक प्रवेशशुल्क भरतात, प्रवास आणि निवास स्वतःच्या खर्चाने करतात; त्या शुल्कातून पारितोषिके आणि नामवंतांची सरबराई होते. नामवंतांना किती मानधन दिले, हे बहुधा गुप्त राहते. यशानंतर सरकारे कोट्यवधींची बक्षिसे देतात. पण गुकेशला घडविण्यासाठी त्याच्या डॉक्टर वडिलांना आपला व्यवसाय बाजूला ठेवावा लागला, त्या काळात हे हात कोठे होते? ज्या बापाजवळ बाजूला ठेवण्याजोगा व्यवसायच नाही, त्याच्या मुलाने काय करावे?

म्हणून मागण्या साध्या आहेत. दिलेले प्रत्येक मानधन जाहीर व्हावे. प्रवेशशुल्कातील निश्चित हिस्सा जिल्ह्यातील प्रशिक्षणावर खर्च व्हावा. पारितोषिकांत पहिल्या क्रमांकाचा फुगवटा कमी करून तळाच्या फेऱ्यांत निदान खर्च भागेल एवढी तरतूद व्हावी. स्त्री-पुरुषांच्या पारितोषिकांतील अंतर ठराविक मुदतीत मिटवावे. आणि सरकारी पैसा विजयानंतरच्या सत्काराऐवजी विजयापूर्वीच्या शिष्यवृत्त्यांकडे वळावा.

खेळाडूने पैसा मागू नये, असे येथे कोणाचेच म्हणणे नाही. स्टाइनिट्झसारखे मरण कोणाच्याही वाट्याला येता कामा नये. प्रश्न एवढाच की, त्याच्या सुरक्षिततेचा भार धनिकाच्या लहरीवर आणि नवोदिताच्या खिशावर टाकावयाचा, की संघटित समाजाने तो उचलावयाचा? १९४८ साली जगज्जेतेपद सार्वजनिक झाले. थैली सार्वजनिक करण्याचे काम अजून बाकी आहे.