दया नव्हे, न्याय



१ मे हा आपला महाराष्ट्र दिन, आणि कामगार दिनही. कामगार दिनामागे शिकागोचे रक्त आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या प्रकरणात न्यायासाठी ज्याने आपले राजकारण पणाला लावले, तो गव्हर्नर जॉन पीटर ऑल्टगेल्ड मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा नेमलेला राज्यपाल नव्हे. तिकडे तो मतांवर निवडून येतो आणि राज्याचा कारभार चालवतो.

ऑल्टगेल्डचा जन्म १८४७ सालचा, जर्मनीतला. तान्हेपणीच आईबापांबरोबर तो अमेरिकेत आला. बालपण शेतावर राबण्यात गेले. सोळाव्या वर्षी यादवी युद्धात शिपाई झाला. पुढे शाळामास्तरकी केली, रेल्वेवर मजुरी केली, आणि मग वकील झाला. १८७५ साली तो शिकागोस आला. तेथे जमीनजुमल्याच्या व्यवहारात त्याने पैसा मिळवला, न्यायाधीशपदही मिळवले. आणि १८९२ साली इलिनॉय राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला.

आता मागचे सांगतो. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी संप सुरू झाला. ४ मे रोजी हेमार्केट चौकातील सभेत बाँब पडला. पोलीस मेले, माणसे मेली. बाँब कोणी टाकला, हे कधीच सिद्ध झाले नाही. तरी आठ पुढाऱ्यांवर खटला झाला. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघे फासावर गेले. एकाने आदल्या दिवशी कोठडीतच प्राण सोडला. तिघे तुरुंगात राहिले.

या तिघांना सोडावे, असे अर्ज ऑल्टगेल्डपुढे आले. अर्जांवर व्यापारी आणि सावकारांच्याही सह्या होत्या. त्यांचे म्हणणे, गुन्हा केला असेल, पण शिक्षा पुरेशी झाली. आता दया करा. तेवढे म्हणून सही केली असती, तर फारसे बिघडले नसते. पण ऑल्टगेल्ड म्हणाला, खटला सरळ चालला असेल, तर मला हात घालण्याचा अधिकार नाही. म्हणून त्याने सारे कागद वाचले. २६ जून १८९३ रोजी तिघांना सोडताना त्याने कारणे छापून दिली : पंच मुद्दाम निवडलेले होते, न्यायाधीश पक्षपाती होता, पुरावा अपुरा होता.

वर्तमानपत्रे त्याच्यावर तुटून पडली. तो डगमगला नाही. त्याच साली कारखान्यांच्या तपासणीचा कायदा झाला, आणि मुख्य तपासनीस म्हणून त्याने फ्लॉरेन्स केली या बाईंना नेमले. १८९४ च्या पुलमन संपात अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी राज्याला न विचारता शिकागोत फौज धाडली, तेव्हा ऑल्टगेल्डने उघड निषेध केला. १८९६ च्या निवडणुकीत तो पडला. पैसाही गेला. मार्च १९०२ मध्ये बोअर लोकांच्या बाजूने भाषण केल्यानंतर काही तासांतच तो वारला.

मंडळी, आम्ही युनियनवाले मालकाच्या दारी जातो, तेव्हा हाच प्रश्न असतो : मेहेरबानी मागायची की हक्क? मेहेरबानीत देणारा मोठा होतो आणि घेणारा गुन्हेगारच राहतो. ऑल्टगेल्डने दया केली असती, तर तिघे सुटले असते. पण फासावर गेलेले चौघे गुन्हेगारच ठरले असते. कारणे लिहून त्याने मेलेल्यांनाही न्याय दिला. त्याची किंमत मात्र त्याने स्वतः मोजली.