घरात बंदूक : कोणती, कशासाठी, कोणाच्या हातात?

(नांदेड-लातूर जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस वेचून घरात येऊन पडला की आपल्या गावात दोनच विषय उरतात. दिवसा भाव आणि रात्री चोर. आखाड्यावर राहणारी माणसं झोपण्याआधी कडी दोनदा तपासतात. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, "मिलिटरीची जुनी बंदूक मिळाली तर बरं. पोलिसांकडं असते तसली आखूड कार्बाइन. लढाईत चालली, ती घराला का चालणार नाही?"

या प्रश्नाला हसून चालणार नाही. ज्याचं घर गावापासून दोन कोसावर आहे, त्याची भीती खोटी नसते. म्हणून क्विंटलमागच्या खर्चाचा हिशेब आपण जसा मांडतो, तसाच बंदुकीचाही मांडू.

आपल्या मुलखाला हत्यार नवं नाही. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचाच वकील. १९४८ साली सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी विमानांनी हत्यारं आणत होता. तरी बहुतेक रझाकारांच्या हातात ठासणीच्या बंदुका आणि तलवारीच होत्या. तेवढ्यावर त्यांनी गावंच्या गावं पेटवली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची शरणागती आली, तोवर आपल्या वाडवडिलांनी रात्री जागून काढल्या. त्या काळी दारात आलेला रझाकार आणि कचेरीतला अंमलदार एकाच बाजूचे होते. दाद मागायला जागाच नव्हती. आज कायदा आहे, न्यायालय आहे. त्या वेळची गोष्ट सांगून आज विनापरवाना हत्यार घरात ठेवणं ही शहाणपणाची गोष्ट नाही.

आता कार्बाइन म्हणजे काय ते पाहू. घोडेस्वाराला लांब रायफल आवरत नसे, म्हणून आखूड केलेली रायफल ती कार्बाइन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं .३० कार्बाइन साठ लाखांहून जास्त बनवल्या. आपल्याकडं पोलिसांच्या खांद्यावर दिसते ती ९ मिलिमीटरची, कानपूरच्या सरकारी कारखान्यातली. ही सगळी हत्यारं एका कामासाठी बनली : समोर शत्रू आहे, गोळ्यांची कमी नाही आणि गोळी चुकली तर पलीकडं आपलं कुणी नाही. आपल्या आखाड्यावर यातलं एकही खरं नाही.

शिवाय कायदा आड येतो. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांनी .३०३ आणि ७.६२ ची फौजी काडतुसं घेणाऱ्या रायफली, तसंच फौजी ९ मिलिमीटरचं काडतूस घेणाऱ्या कार्बाइन निषिद्ध बोअरमध्ये टाकल्या आहेत. त्यांचा परवाना कलेक्टर देऊ शकत नाही. "जुनी आहे, पुराणवस्तू आहे" असं विकणारा सांगेल. त्यावर जाऊ नका. दुरुस्ती करूनही गोळी झाडता येणार नाही, एवढं निकामी झालेलं हत्यारच परवान्यातून सुटतं. चालणारी बंदूक शंभर वर्षांची असली तरी बंदूकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साध्या बंदुकीला दोन ते पाच वर्षांची कैद आहे आणि निषिद्ध हत्याराला सात ते चौदा वर्षांची. चोर नेऊन नेऊन चार क्विंटल कापूस नेईल. असली बंदूक घरातला कर्ता माणूस नेईल.

समजा, कायद्याचं काही नसतं. तरी रायफल आपल्या रानाला बसत नाही. .३०३ ची गोळी मैलभराच्याही पुढं जाते. आपलं रान सपाट. ज्वारी काढल्यावर तर नजरेला आड काही राहत नाही. अंधारात झाडलेली गोळी पत्र्याची भिंत भेदून शेजारच्या आखाड्यावरच्या लेकराला लागली, तर ती परत बोलावता येत नाही. बारा बोअरच्या बंदुकीतले बारीक छरे चाळीस-पन्नास पावलांपलीकडं विरत जातात. जवळच्या संकटाला जवळचं हत्यार, हा साधा हिशेब आहे. पण त्याच बंदुकीत जाड छर्‍याचं किंवा एकगोळीचं काडतूस घातलं, तर तीही लांब मारते, हे ध्यानात ठेवा.

आणि खुद्द कायदाच आपल्या बाजूनं बोलतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की रक्षणासाठी किमान वीस इंच नळीची साधी, म्हणजे आतून पिळाची नसलेली बंदूक आणि खऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर कायद्यात सांगितलेली अडचण नसेल तेव्हा परवाना द्यावा. ठासणीची पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर पिकासाठीही दुसरी साधी बंदूक देता येते. कलम १४ सांगतं की माणसाकडं पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही. तीन एकर कोरडवाहूवाल्याचा अर्ज बागायतदाराच्या अर्जाइतकाच वजनाचा आहे. नकार मिळाला तर कारण लेखी मागा आणि कलम १८ खाली अपील करा.

पण परवाना म्हणजे गोळी झाडायची मोकळीक नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. दरोडा किंवा रात्रीची घरफोडी असेल, चोरी करताना जिवावर बेतण्याची सार्थ भीती असेल, तर जिवावरचा प्रतिकार कायदा मान्य करतो. मात्र गरजेपुरताच. रानातला कापूस पोत्यात भरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर आरोपी आपण होतो. रोही आणि रानडुकराचंही तसंच. पीक आपलं असलं तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावर मारता येत नाही. बंदुकीचा परवाना वेगळा आणि ही परवानगी वेगळी.

मिरवायला बंदूक घेणाऱ्यांचं काय होतं, ते शेजारच्या बीड जिल्ह्यात २०२५ साली दिसलं. तिथं शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यामुळं खऱ्या गरजवंताचा अर्जही संशयानं पाहिला जातो.

आता एक कडू गोष्ट. चोर वर्षातून एखाद्या रात्री येतो. नापिकी, सावकार आणि घरातली भांडणं मात्र बारा महिने घरातच असतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत किती घरांनी कर्ता माणूस गमावला आहे, ते तुम्हाला सांगायला नको. फवारणीचं औषध कुलपात ठेवा असं आपण प्रत्येक बैठकीत सांगतो. बंदुकीला ते दहापट लागू आहे. बंदूक रिकामी आणि कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली घरातल्या शांत डोक्याच्या माणसाकडं. बहुतेक घरांत ती बाईकडंच ठेवावी लागेल. ज्या घरात दारू आहे, किंवा माणूस गप्प गप्प होऊन जेवणावरून उठतोय, त्या घरात यंदा बंदूक नको. परवाना असेल तर ती नियमाप्रमाणे बाहेर जमा करून ठेवा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

ज्वारी राखायला आपण माळ्यावर बसतो, गोफण फिरवतो आणि शेजारच्या शिवाराला हाळी देतो. राखण एकट्यानं होत नाही, हे त्या माळ्यावरच शिकलेलं आहे. म्हणून या बैठकीतून जाताना प्रत्येक गावानं जागलीच्या पाळ्या लिहून घ्याव्यात. कुणाची कोणती रात्र, कुणाकडं बॅटरी, कुणाकडं शिट्टी, ११२ ला फोन कोण करणार. ज्यांना खरोखर बंदुकीची गरज आहे, त्यांनी सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे घेऊन तालुक्याच्या बैठकीला यावं. साध्या बंदुकीचा अर्ज आपण सगळे बसून भरू. आणि मिलिटरीची जुनी कार्बाइन विकायला कुणी रात्री दारात आला, तर त्याला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावा.