बारगीर आणि शिलेदार : अमेरिकेच्या यादवी युद्धातील घोडेस्वाराचा दिवस

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात एका बाजूला उत्तरेचे संघराज्य आणि दुसऱ्या बाजूला गुलामगिरी टिकवण्यासाठी त्यातून फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये यांच्यात जे यादवी युद्ध झाले, त्याच्या इतिहासात सेनापतींच्या डावपेचांना आणि मोठ्या लढायांना भरपूर जागा मिळाली आहे. परंतु त्या युद्धातला साधा घोडेस्वार मोहिमेवर असताना दिवस कसा काढत होता हे पाहू गेल्यास, प्रत्यक्ष लढाई ही त्याच्या आयुष्यात क्वचित येणारी गोष्ट होती आणि बाकीचा सारा वेळ एका जनावराचे पोट, पाठ आणि खूर सांभाळण्यात जात होता, असे दिसून येते. हे जनावर कोणाच्या मालकीचे, या एका प्रश्नाने दोन्ही बाजूंच्या घोडदळांची घडण ठरवली, आणि तो प्रश्न समजून घेण्यासाठी मराठी श्रोत्यांना परकी परिभाषा शोधण्याची गरज नाही. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळते तो बारगीर आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, हा भेद मराठेशाहीच्या लष्करात पूर्वीपासून रूढ होता.

या अर्थाने उत्तरेचा स्वार बहुतांशी बारगीर होता आणि दक्षिणेचा स्वार शिलेदार. दक्षिणेचे सरकार स्वाराला घोड्याच्या वापरापोटी दररोज ४० सेंट देत असे आणि घोडा लढाईत मारला गेला तर भरतीच्या वेळी ठरवलेली त्याची किंमत भरून देत असे. मात्र घोडा मजल मारून थकला, लंगडा झाला किंवा रोगाने मेला तर ते नुकसान स्वाराचे समजले जाई, आणि ठरावीक मुदतीत दुसरा घोडा उभा करता आला नाही तर त्याची रवानगी पायदळात होण्याची भीती असे. त्यामुळे असे स्वार नवा घोडा आणण्यासाठी रजा घेऊन गावाकडे जात, आठवडेच्या आठवडे छावणीबाहेर राहत, आणि हजेरीपटावर भरलेली दिसणारी पलटण रणांगणावर निम्मीशिम्मीच उतरे. बारगिराला ही विवंचना नव्हती. परंतु जनावर स्वतःचे नसल्यामुळे येणारी बेफिकिरी त्याच्यात होती आणि उत्तरेला तिची जबर किंमत मोजावी लागली. युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत उत्तरेच्या सरकारने घोडदळाला सुमारे २,८४,००० घोडे पुरवले, आणि त्या अवधीत प्रत्यक्ष मैदानात असलेल्या स्वारांची संख्या कोणत्याही वेळी ६०,००० च्या वर गेली नव्हती. या दोन आकड्यांमधल्या अंतरात किती मुकी जनावरे खपली असतील याचा विचार मन विषण्ण करतो.

छावणीतला दिवस बिगुलाने सुरू होई. उठण्याच्या आणि हजेरीच्या सुरांनंतर पागेचा सूर वाजे, आणि स्वत:च्या तोंडात घास जाण्याआधी स्वाराला घोड्याकडे जावे लागे. दोराला ओळीने बांधलेल्या घोड्यांना खरारा करणे, खुरांतली माती आणि खडे काढणे, तोबरा चढवणे आणि पाण्यावर नेणे ही कामे सकाळ-संध्याकाळ दोनदा होत. उत्तरेच्या नियमाप्रमाणे एका घोड्याचा रोजचा शिधा १४ पौंड वाळलेले गवत आणि १२ पौंड चंदी, म्हणजे ओट किंवा मका यांसारखे धान्य, असा मिळून जवळजवळ १२ किलोंचा होता. हजार घोड्यांच्या पलटणीला यासाठी रोज बारा टन वैरण-चंदी लागणार, आणि शत्रूच्या मुलखात खोल शिरलेल्या फौजेला ती कोठून मिळणार, या हिशेबावरच मोहिमेची दिशा आणि मुदत ठरे.

खोगीर घालण्याची क्रिया वरकरणी साधी, पण घोड्याचे सारे आयुष्य तिच्यावर अवलंबून होते. जॉर्ज मॅक्लेलन या अधिकाऱ्याने युरोपातील सैन्ये पाहून आल्यावर आखलेले आणि १८५९ मध्ये सैन्याने स्वीकारलेले खोगीर हलके होते. त्याच्या मधोमध लांबट फट ठेवलेली असल्याने घोड्याच्या कण्यावर भार येत नसे. खोगिराखाली घोंगडी अनेक पदरी घडी करून घालावी लागे, आणि ती घालताना स्वार आधी घोड्याच्या पाठीवरून केसांच्या दिशेने तळवा फिरवी, मग घोंगडी मानेकडे थोडी पुढे टाकून मागे सरकवी, म्हणजे खालचे केस उलटे राहत नसत. घडीत एक चुणी राहिली किंवा गवताचे एखादे कुसळ अडकले तर संध्याकाळपर्यंत पाठ सोलवटे आणि दोन दिवसांत जखम चिघळे. अशा पाठीचा घोडा हाती धरून चालणारा स्वार हा सर्व मोहिमांतला नेहमीचा देखावा होता.

स्वाराचे स्वतःचे जेवण याहून पुष्कळ कमी विचाराने ठरलेले असे. हार्डटॅक नावाची पीठ-पाण्याची, दगडासारखी कडक बिस्किटे, खारवलेले डुकराचे मांस आणि कॉफी एवढ्यावर उत्तरेचा स्वार दिवस काढी. बिस्किटे कॉफीत बुडवली की मऊ होत आणि त्यांतले किडे वर तरंगत, ते काढून टाकले जात. दक्षिणेत नाकेबंदीमुळे कॉफी दुर्मीळ झाली होती, तेव्हा भाजलेला मका किंवा ओकची फळे कुटून तिची तहान भागवली जाई आणि भाकरीही मक्याचीच असे.

कूच सुरू झाली की स्वार चार-चारच्या रांगांनी चालत. पुढच्यांना वाट दिसे आणि मागच्यांना केवळ धूळ. काही वेळ चाल, काही वेळ दुडकी, आणि मधूनमधून उतरून लगाम हाती धरून पायी चालणे, अशा पद्धतीने घोडा टिकवला जाई. परंतु शत्रूच्या पिछाडीवर दौड घालायची असेल तेव्हा हा संयम राहत नसे. १८६३ च्या एप्रिलमध्ये बेंजामिन ग्रिअर्सन या, मूळच्या संगीतशिक्षक असलेल्या, अधिकाऱ्याने १,७०० स्वारांनिशी टेनेसीतून निघून मिसिसिपी राज्य ओलांडले, आणि १६ दिवसांत सुमारे ६०० मैल कापून लुइझियानातील बॅटन रूज गाठले. थकलेले घोडे वाटेतल्या शेतकऱ्यांकडे सोडून त्यांचे ताजे घोडे घेणे हा अशा दौडीचा नित्यक्रमच होता. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस दक्षिणेच्या घोडदळाचा एक सेनानी जेब स्टुअर्ट याने रॉकव्हिल येथे शत्रूच्या १२५ गाड्या पकडल्या. त्यांतल्या चंदीने उपाशी घोड्यांची सोय झाली खरी, पण गाड्यांच्या लटांबरामुळे दौड मंदावली. त्याचे स्वार खोगिरावरच झोपी जात आणि काही तर झोपेतच खाली कोसळत. गेटिसबर्गच्या मोठ्या लढाईला स्टुअर्ट पोहोचला तेव्हा तिचा दुसरा दिवस चालू होता.

नालांचा प्रश्नही बिकट होता. शिवकालीन व्यवस्थेत पंचवीस बारगिरांमागे एक नालबंद आणि एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा, दिलेला असे, याची येथे आठवण होते. उत्तरेतही प्रत्येक तुकडीला स्वतःचे नालबंद होते आणि न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील बर्डन यांच्या कारखान्यात नाल यंत्रावर घडवले जात. दक्षिणेला लोखंड आणि कारागीर दोन्ही अपुरे पडत, म्हणून वाटेत मेलेल्या घोड्याचे खूर नालांसकट कापून घेतले जात. लंगडणारा घोडा हाती धरून चाललेला स्वार आणि त्याच्या खोगिराला लोंबकळणारे मेलेल्या घोड्याचे खूर, असे दृश्य त्या काळच्या स्वारांनी लिहून ठेवले आहे.

रात्री पहारा असे. छावणीपासून दूर पुढे, घोड्यावर बसून एकट्याने अंधाराकडे कान लावून बसणाऱ्या पहारेकऱ्याला घोड्याचे टवकारलेले कान हाच पहिला इशारा असे. परंतु अशा पहाऱ्यांत घोडे विनाकारण झिजतात हे ओळखून फिलिप शेरिडन याने १८६४ च्या वसंतात व्हर्जिनियात लढणाऱ्या उत्तरेच्या फौजेच्या घोडदळाची सूत्रे हाती घेताच त्यांना जवळजवळ साठ मैलांच्या पहाऱ्यातून सोडवण्याचा आग्रह धरला. प्रत्यक्ष लढाईत तर स्वार पुष्कळदा पायउतार होऊनच कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, चालवी. अशा वेळी दर चौघांतला चौथा मागे राहून चार घोडे धरी, म्हणजे तुकडीचा चौथा हिस्सा बार न काढताच उभा असे. त्याच्या कामाला कमी लेखणे अन्यायाचे ठरेल, कारण गोळीबारात बिथरलेले चार घोडे आवरणे बंदूक चालवण्याइतकेच अवघड होते आणि माघारीच्या वेळी पुढच्या तिघांचा जीव त्याच्या हाती असे.

मराठी फौजा पावसाळ्यात छावणीला राहत, तशा या फौजा चिखलामुळे हिवाळ्यात थांबत. उत्तरेने १८६३ च्या जुलैमध्ये घोड्यांची खरेदी आणि निगा यांसाठी स्वतंत्र खाते काढले आणि वॉशिंग्टनजवळ गीझबरो येथे प्रचंड पागा उभारली, जेथे थकलेले घोडे सावरून पुन्हा पाठवता येत. दक्षिणेचा शिलेदार मात्र स्वतःच्या शेताकडे पाहत राहिला, आणि ज्या मुलखातून घोडे यायचे तोच मुलूख दरवर्षी शत्रूच्या हाती जात गेला. पहिल्या दोन वर्षांत उत्कृष्ट ठरलेले दक्षिणेचे घोडदळ शेवटी घोड्यांवाचून खंगले, याचे कारण स्वारांच्या शौर्यात शोधण्यापेक्षा या व्यवस्थेत शोधणे अधिक योग्य होय.

९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातील अॅपोमॅटॉक्स येथे शरणागतीची बोलणी चालू असताना दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने उत्तरेचा सेनापती युलिसीस ग्रँट याच्यापुढे हीच गोष्ट मांडली, की आपल्या सैन्यातील स्वारांचे आणि तोफखान्यातील पुष्कळांचे घोडे त्यांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत. ग्रँटने करारातील शब्द बदलले नाहीत, पण घोडा किंवा खेचर स्वतःचे असल्याचे जो सांगेल त्याला ते घरी नेऊ द्यावे, अशी आज्ञा आपल्या अधिकाऱ्यांना दिली. पेरणीचे दिवस होते, आणि खोगीर वाहिलेली, हाडे वर आलेली ती जनावरे नांगराला जुंपण्यासाठी शेतांकडे निघाली.