सरखेल : मान आणि मनगट

दर्यावर पराक्रम गाजविणाऱ्या वीराचा गौरव कसा करावा, याचा विचार निरनिराळ्या राष्ट्रांनी निरनिराळ्या रीतीने केला आहे. जपानच्या सम्राटाने १८९८ साली सैन्य व आरमार यांतील मोजक्या सेनानींसाठी ‘गेन्सुई’ ही पदवी ठेवली. ॲडमिरलचा हुद्दा कायम राहून हा मान त्यावर चढे. त्सुशिमाच्या लढाईत १९०५ साली रशियन आरमार बुडविणाऱ्या टोगो यांस तो १९१३ साली लाभला. मान त्या पुरुषाचा होता. तो वडिलार्जित वतन म्हणून मुलाकडे जात नसे.

मराठ्यांच्या आरमारात असाच सर्वोच्च किताब होता, ‘सरखेल’. कान्होजी आंग्रे यांच्या नावाशी तो कायमचा जोडला गेला. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले, तेव्हा सरखेलीचा मान व कोकणपट्टीतील किल्ले त्यांजकडे राहिले. या मानामागे गुराबा होत्या, गलबते होती आणि दर्यावर्दी माणसांचे मनगट होते. म्हणूनच १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, तरी त्यांस हात हलवीत परतावे लागले.

कान्होजी १७२९ साली निवर्तले. पुत्र सेखोजी सरखेल झाले. पण १७३३ साली तेही गेले आणि भाऊबंदकी पेटली. पेशव्यांनी तोड काढली. संभाजींकडे सरखेली व दक्षिणेकडील किल्ले, तर मानाजींकडे कुलाबा व ‘वजारतमाब’ हा किताब. दोघांचाही मान राहिला. आरमार मात्र दुभंगले. पुढे संभाजींच्या जागी आलेले तुळाजी व पेशवे यांचे वैर विकोपास गेले. पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या आश्रयास असलेले आंग्र्यांचे आरमार आगीत भस्मसात झाले. ज्या इंग्रजांना कान्होजींनी हयातभर हटविले, त्यांस कोकणचा दर्या घरच्या कलहाने मोकळा करून दिला.

किताब वाटून देता येतो, त्यामागचे बळ वाटले की उणावते. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ साली मुंबईतील आपल्या तळास आंग्रे यांचे नाव दिले, ते या बळाचे स्मरण म्हणून. कान्होजींचा वारसा त्यांच्या किताबात नाही, त्या एकजुटीत आहे.