कात्री कुणाच्या हुकमाने?



कामगार चळवळीतला माणूस फुलझाडांवर काय बोलणार, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. पण बागेतही राबणारा हात आहेच. त्या हातातल्या कात्रीविषयी मला बोलायचे आहे.

छाटणी म्हणजे झाड नुसते आखूड करणे नव्हे. वाळलेल्या, रोगट, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढून नव्या फुटीला जागा व उजेड देणे, ही छाटणी. कात्री लावण्यापूर्वी एकच विचारावे : या झाडाला फूल येते कधी आणि कोणत्या फांदीवर? मोगरा, गुलाब नव्या फुटीवर फुलतात. म्हणून मोगऱ्याला पाण्याचा ताण देऊन डिसेंबर-जानेवारीत जमिनीपासून दीड फुटावर छाटतात. उन्हाळ्यात तो ओंजळी भरून देतो. गुलाब पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात छाटावा. सुमारे ४५ दिवसांत फूल येते. पारिजातक पावसाळ्याच्या उत्तरार्धात बहरतो. त्याला जुलैत कात्री लावाल, तर त्या सालची फुले कचऱ्यात जातील. त्याची छाटणी बहर ओसरल्यावर.

कात्री धारदार हवी. बोथट कात्री फांदी चिरडते. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्यावा. जाड कापाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी. कण्हेरीचा चीक विषारी. हात धुवावेत, फांद्या जाळू नयेत. आणि आपल्या मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये भारी छाटणी नकोच. उघडी पडलेली साल उन्हाने भाजते.

हे जाणत्या माळ्याला ठाऊक असते. तरी कारखान्यात बडा पाहुणा येणार म्हटले, की भर मे महिन्यात साऱ्या झाडांवर सरसकट कात्री फिरते. हुकूम साहेबाचा, झाड वाळले, तर खापर माळ्याच्या माथी! त्यात नोकरी ठेकेदाराकडची. ऑक्टोबरात छाटणारा डिसेंबरात फूल पाहायला तिथे असेलच, याची शाश्वती नाही. मग त्याने शिकावे कसे?

आपल्या बीबी का मकबऱ्यावरील लेखात अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे आहेत. १७ व्या शतकातली ती चारबाग ज्यांनी लावली, त्या माळ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. निदान आजच्या माळ्याला कायम नोकरी द्या, चांगली कात्री द्या. आणि ‘साहेब, आत्ता नको’ असे म्हणण्याचा अधिकार द्या.