फिटची गोळी

मंडळी, कुणी फेफरे म्हणतात, कुणी आकडी, कुणी मिरगी, कुणी फिट. आजार एकच. मेंदूत विजेसारखा गोंधळ उडतो आणि माणूस कोसळतो. ही भूतबाधा नव्हे. एकाचा आजार दुसऱ्याला लागतही नाही. हे आता पुष्कळांना पटले आहे. आज बोलायचे आहे ते गोळीबद्दल.

गोळी फिट रोखून धरते. आजार मुळापासून काढत नाही. बांध घातला म्हणून पाणी थांबते. बांध फोडला तर पाणी वाहणारच. सहा महिने फिट आली नाही की घरचे म्हणतात, "बरा झाला, आता कशाला गोळी?" आमच्या शाळेतल्या एका मुलाचे असेच झाले. नवरात्राचा उपास म्हणून आईने नऊ दिवस गोळी दिली नाही. पाचव्या दिवशी त्याला फिट आली, ती थांबेचना. जीपमध्ये घालून तालुक्याला नेला. वाचला, पण महिनाभर अंथरुणात होता. अहो, पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतली तर कुठला देव रागावणार आहे?

गोळी बंद करायचीच असेल तर ती डॉक्टर करतात. बहुधा दोन वर्षे किंवा जास्त काळ एकही फिट आली नाही, तरच ते विचार करतात. तेव्हासुद्धा एकदम नाही. थोडी थोडी कमी करत जातात.

आता लोक गोळी का सोडतात? गोळीचा त्रास होतो म्हणून. तो खोटा नाही. फेनोबार्बिटोन नावाची जुनी गोळी आहे. ती १९१२ सालापासून वापरात आहे. तिने झोप येते, अंग जड होते. काही मुले उलट चिडचिडी होतात. फेनिटोइनने हिरड्या वाढतात. रोज दात नीट घासले तर हा त्रास कमी राहतो. हीच गोळी अंगात जास्त झाली तर डोळ्यांपुढे दोन-दोन दिसते, चालताना झोकांड्या जातात. लोकांना वाटते, गडी पिऊन आला! हे सारे डॉक्टरांना सांगा. ते गोळी कमी करतील किंवा बदलतील.

पण काही खुणा दिसल्या तर वाट बघायची नाही. नवी गोळी सुरू झाल्यावर अंगावर पुरळ उठले, ताप आला, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी निघा. कार्बामाझेपिन आणि फेनिटोइनने असे कधी कधी होते, आणि ते जिवावर बेतते. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, माणूस सुस्त पडला, तरीही तसेच करा. जाताना गोळ्यांचे पाकीट बरोबर न्या.

आयाबहिणींनो, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. व्हॅल्प्रोएट नावाची गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते. ती घेणाऱ्या शंभर आयांपैकी सुमारे दहा जणींच्या बाळांत जन्मतः व्यंग आढळते. म्हणून मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. दिवस गेलेच असतील तर मनाने गोळी टाकू नका. मोठी फिट आली तर आईला आणि बाळालाही धोका असतो. लगेच दवाखान्यात जा. आणखी एक. फिटच्या काही गोळ्यांमुळे पाळणा लांबवायच्या गोळीचा गुण कमी होतो. तेही विचारून घ्या.

लग्न ठरताना मुलीच्या गोळ्या लपवतात, हे मला ठाऊक आहे. सासरी गेल्यावर ती चोरून घेते, मग घेतच नाही. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचा अडथळा घातला होता. १९९९ साली तो काढून टाकला. कायद्याने सोडले, आपण कधी सोडणार?

आता तुम्हाला वाचता येते. दुकानातून गोळी आणली की पाकिटावरचे नाव चिठ्ठीशी जुळवून पाहा. नाव इंग्रजीत असले तरी अक्षरे ताडून बघता येतात. एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी दवाखान्यात जाऊन पुरेशा गोळ्या मागून घ्याव्यात, आणि चिठ्ठी गोळ्यांबरोबर बांधून ठेवावी. मुकादमालाही सांगून ठेवावे. फिट आली तर रोग्याला कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करा.